काट्यावर शिक्का कोणाचा? गुप्तवार्ता संस्थांवर बाहेरची देखरेख हवी की नको

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. विषय राजकारणाचा नाही, म्हणून धागा 'आपलं गाव' विभागात टाकतोय. चुकीच्या जागी वाटला तर हलवा.

माझ्या चुलतभावाची गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्याची निवड झाली होती. लेखी झाली, मैदानी झाली, वैद्यकीय झाली. काकूने गावात पेढेही वाटून टाकले. मग चारित्र्य पडताळणीला साध्या कपड्यातला एक माणूस आला. ओट्यावर बसला, चहा-चिवडा घेतला, रबर लावलेली छोटी डायरी काढून लिहिलं, शेजारच्या दोन घरी विचारलं आणि गेला. माणूस चांगला होता, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच.

चार महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. पडताळणी अहवाल समाधानकारक नसल्याने उमेदवारी रद्द. कारण काहीच नाही.

कारण आम्हीच शोधून काढलं. आमच्या गावात पहिलं नाव, बापाचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले दोन जण आहेत. एक माझा भाऊ, दुसरा त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. त्या मोठ्याला कापसाच्या भावासाठी झालेल्या रास्ता रोकोत एकदा पोलिसांनी उचलून संध्याकाळी सोडलं होतं. (तोही काही गुन्हेगार नव्हे, तो विषय वेगळा.) गावात कोणाचाच घोळ होत नाही, कारण मोठा 'नळ्या' आणि माझा भाऊ 'मास्तरचा'. सरकारी फायलीत टोपणनावाचा रकाना नसतो.

पुढची दोन वर्षं हेलपाटे. ठाण्यात म्हणाले, आमच्याकडून कोरा अहवाल गेलाय. जिल्ह्याला म्हणाले, आम्ही वर पाठवलं. वर म्हणाले, दुसऱ्याही एका शाखेचा अहवाल असतो, तो गोपनीय आहे. ती शाखा कोणती, हेही गोपनीय. तोवर वय उलटलं. आता तो केळीच्या गाड्या भरतो. बरं कमावतो, पण गाडी भरताना कोणी 'साहेब' म्हणून चेष्टा केली की गप्प होतो.

आपल्याकडे कापूस जिनिंगवर नेला की आधी काट्याकडे बघतात, मग भावाकडे. काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असतो, दरवर्षी तपासणी होते. व्यापारी कितीही सज्जन असो, 'माझा काटा मीच तपासला' म्हणाला तर आपण ट्रॅक्टर वळवू. मग ज्यांच्या एका ओळीवर माणसाची नोकरी, पासपोर्ट, कधी कधी आयुष्य जातं, त्यांचा काटा कोण तपासतं? जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठचा_वकील
धुळे कोर्टात बसतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

थोडक्यात उत्तर: त्यांचा काटा तेच तपासतात.

आयबी म्हणजे देशातली गुप्तवार्ता बघणारी संस्था, तिचं मूळ १८८७ मधलं, इंग्रजांच्या काळातलं. परदेशातली गुप्तवार्ता बघणारी रॉ २१ सप्टेंबर १९६८ रोजी उभी राहिली, इंदिरा गांधी पंतप्रधान आणि रामेश्वरनाथ काव पहिले प्रमुख. दोन्हींच्या स्थापनेचा संसदेचा कायदा नाही. म्हणजे यांचं काम काय, हद्द कुठवर आणि चुकले तर जाब कोणाला द्यायचा, हे सांगणारं कलमच नाही. गंमत म्हणजे त्यांच्यासाठी केलेला एक कायदा आहे, १९८५ चा. तो आहे तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये यासाठी! कर्मचाऱ्यांचे हक्क आवळायला कायदा सापडला, संस्थेच्या अधिकारांना चौकट घालायला नाही सापडला.

दहशतवादाचे गुन्हे तपासणाऱ्या एनआयएचं तसं नाही. तिला २००८ चा कायदा आहे, ती खटला भरते, पुरावा कोर्टापुढे मांडते, आम्ही उलटतपासणी घेतो. गुप्तवार्तेचा कागद सहसा कोर्टात येतच नाही. तुमच्या भावाचं झालं ते तिथलं.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने या संस्था वगळलेल्या आहेत. फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती फट ठेवलेली आहे. त्या फटीबद्दल नंतर बोलतो, आत्ता पक्षकार आलाय.

फौजी_शिंदखेडा
केळीबाग भाऊ, तुमच्या भावाचं वाईट झालं, मान्य. पण एका पडताळणीवरून सगळ्या संस्थांवर पंच बसवायचे? मी वीस वर्षं वर्दीत काढली. कोणता माणूस पलीकडे बसलाय, कोणत्या घराच्या मागच्या दाराने निरोप येतो, हे दहा खासदारांच्या समितीपुढे ठेवलं तर संध्याकाळी टीव्हीवर दिसेल. माणूस मरतो हो अशाने. कापसाच्या काट्याशी तुलना करू नका.

आणि आजकाल हक्क-हक्क करणाऱ्यांना २६/११ आठवत नाही.

अहिराणीनी_माय
गोट तं खरी शे भाऊ. आम्हना गावमा बी एकज नावना तीन पाटील शेतस. पण पोस्टमन चूकस नही. कारण तो चुकना तं दुसरा दिन त्याले शिव्या भेटतस.

केळीबाग_यावल
@अहिराणीनी_माय, माझ्या सबंध लेखात नाही ते तुम्ही तीन ओळीत सांगितलंत.

@फौजी_शिंदखेडा, दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण वैधमापनचा निरीक्षक तुमचा कापूस कोणाला विकला, किती भावाला विकला हे विचारत नाही. तो वजनं ठेवून काटा बघतो. पलीकडच्या माणसाचं नाव कोणालाच नकोय. हुकूम कोणी काढला, कशासाठी काढला, नियमात बसला का, चूक निघाली तर दुरुस्त झाली का, एवढं बघणारा एक तरी माणूस त्या घराबाहेरचा असावा. इतकंच.

निवृत्त_गोपनीय
या संकेतस्थळावर फक्त वाचायला येतो, आज लिहितो. जिल्हा पोलिसांत होतो, त्यातली नऊ वर्षं गोपनीय शाखेला. जिल्हा आणि ठाणी सांगणार नाही. केंद्रातल्या मोठ्या संस्थांचं मला काही माहीत नाही, आमच्या पायरीवरचं सांगतो.

गोपनीयवाला म्हणजे लोकांना वाटतं कानात वायर घातलेला माणूस. आमच्याकडे जुनी मोटारसायकल, डायरी आणि पोलीस पाटलाचा नंबर. सभा झाली की कोण बोललं, किती लोक होते, घोषणा काय झाल्या, हे रात्री आठच्या आत कळवायचं. गर्दीचा आकडा कसा लिहायचा तेही ठरलेलं असायचं. साहेबांना जास्त आवडत नसेल तर 'अंदाजे'. दरवर्षीच्या मोर्चाचा अहवाल मागच्या वर्षीच्या कागदावरून तारीख बदलून लिहिलेला मी स्वतः पाहिलाय. लिहिलायसुद्धा, खोटं कशाला बोलू.

पडताळणीचे कागद गठ्ठ्याने यायचे. बंदोबस्त, सण, निवडणूक, त्यातच हे. गावात जायचं, पाटलाकडे बसायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. जुन्या नोंदीच्या रजिस्टरात नाव जुळलं तर लिहायचं 'नोंद आढळते'. वय जुळतं का, आईचं नाव काय, हे बघायला हवं. दर वेळी बघितलं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

धागा वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. नऊ वर्षांत अशा दोन-चार चुका माझ्या हातून नक्की झाल्या असतील. कोणत्या, ते मला माहीत नाही. कारण परत कोणी विचारायलाच आलं नाही. चूक माझ्यापर्यंत कधी पोचलीच नाही. चोरीच्या तपासात चुकलो तर कोर्टात वकील फाडून खायचा, पुढच्या वेळी पंचनामा नीट व्हायचा. गोपनीयच्या कागदाला तो वकील नाही.

नंदुरबारची_गणितवाली
@निवृत्त_गोपनीय, काका, एवढं मोकळेपणी लिहिलंत, नमस्कार.

हाच प्रकार वरच्या पायरीवर झाला की काय होतं त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. नंबी नारायणन, इस्रोचे शास्त्रज्ञ. नोव्हेंबर १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून केरळ पोलिसांनी पकडलं, आयबीच्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली, पन्नास दिवस कोठडी. १९९६ मध्ये सीबीआयने सांगितलं की प्रकरणात काही तथ्य नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ५० लाखांची भरपाई दिली आणि दोषी अधिकारी कोण, हे शोधायला निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांची समिती नेमली. १९९४ ते २०१८. माझी पहिली विद्यार्थिनी तेवढ्या काळात आई होऊन तिची मुलगी माझ्याच वर्गात आली.

तेही त्यांच्या अंगात लढायची ताकद होती म्हणून. केळीच्या गाड्या भरणारा कुठे जाईल?

पांझराकाठचा_वकील
परत आलो. आता फोन ऐकण्याचं सांगतो, कारण तिथे निदान कागदावर तरी देखरेख आहे. ती कशी आहे ते बघा.

फोन टॅप करायचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याचा, कलम ५(२). शंभर वर्षं त्याची कार्यपद्धतीच कोणी लिहिली नव्हती. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संस्थेने दावा लावला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. हुकूम गृहसचिवाचाच हवा, मुदत ठेवा, पुनर्विलोकन समिती नेमा. ते नियमपुस्तकात यायला २००७ उजाडलं, नियम ४१९-क. हुकूम ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८०. समिती दोन महिन्यांतून एकदा बसणार. केंद्रात तिचे प्रमुख कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव, बाकी सदस्यही सचिवच.

म्हणजे एक सचिव हुकूम काढतो आणि तीन सचिव तो तपासतात. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा खासदार नाही, बाहेरचं कोणीच नाही. आता तार कायदा गेला, २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. समिती पुन्हा सचिवांचीच. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कधी कळवत नाहीत, त्यामुळे तो दाद मागणार कशावर?

डेटा संरक्षणावर नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय की या पुनर्विलोकन समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० हुकूम तपासण्याचं अशक्य काम असतं.

नंदुरबारची_गणितवाली
थांबा, हे गणित आहे. बैठक सलग आठ तास चालली, चहा नाही, जेवण नाही, असं धरू. आठ तासांचे २८,८०० सेकंद. १५,००० हुकूम. एकाला १.९२ सेकंद. १८,००० धरले तर १.६.

आमच्या शाळेत शिपाई हजेरीपट उघडतो तेवढ्याला जास्त वेळ लागतो.

अहिराणीनी_माय
दोन सेकंदमा तं मी वांगं बी पारखस नही.

भरीत_आणि_कळण्याची_भाकरी
विषय भरिताकडे वळवू नका, आत्ताच जेवून बसलोय आणि परत भूक लागली.

मुद्द्याचं बोलतो. मी मुक्ताईनगरकडचा. आमच्याकडे फोन टॅपिंग हा पेपरातला शब्द राहिलेला नाही. २०२२ मध्ये मुंबईत गुन्हा नोंदला गेला, आरोप असा की २०१९ मध्ये एकनाथ खडसे आणि संजय राऊत यांचे फोन बेकायदा ऐकले गेले, तेही प्रस्तावात भलतीच नावं घालून. पुढे सरकार बदललं, २०२३ मध्ये हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. आता काही लोक म्हणतात सूडापोटी खोटा गुन्हा टाकला होता, काही म्हणतात खरा होता आणि दाबला. चावडीवर दोन्ही बाजूंची भांडणं मी ऐकलीत. खरं काय ते मला आजही माहीत नाही आणि गंमत म्हणजे भांडणाऱ्यांनाही नाही. दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल असा एक कागद राज्यात कोणी काढूच शकलं नाही.

जय_हो_जळगाव
हे सगळं अमुक पक्षानेच सुरू केलं. त्यांच्या काळात तर

[संपादित. — संपादक मंडळ]

संपादक मंडळ
पक्षांची नावं घेऊन उणीदुणी नकोत. १९७५ पासून आजपर्यंत सगळ्यांचीच नावं निघतील आणि धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल. मूळ विषयावर या.

मोसमपूल
मालेगावचा आहे. महसुली नकाशात आम्ही नाशिक जिल्ह्यात, पण बोलीने आणि सोयरिकीने तुमच्यातलेच, म्हणून लिहितो.

आमच्या गावात दोनदा स्फोट झाले. ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८. पहिल्यात नऊ जणांना एटीएसने पकडलं, सीबीआयने तीच गोष्ट पुढे नेली, मग एनआयए आली आणि गोष्टच बदलली. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने त्या नऊ जणांना आरोपमुक्त केलं. दुसऱ्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. कोर्टाचा निकाल मी मान्य करतो. मला बाजू घ्यायची नाही.

पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी कोणाला विचारायचं? एकाच स्फोटाच्या दोन-दोन गोष्टी सरकारच्याच संस्थांनी लिहिल्या. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. चुकीची गोष्ट कोणत्या टेबलावर तयार झाली, मुद्दाम की घाईत, हे शोधायचं काम कोणाचंच नाही. आरोपी सुटला की कोर्टाचं काम संपतं. आत गेलेली वर्षं आणि न सापडलेला गुन्हेगार, दोन्ही वाऱ्यावर.

माझ्या दुकानासमोरच्या पानवाल्याला कोणीही विचारा, तो चार वेगवेगळ्या कहाण्या सांगेल आणि चारही पटतील. अधिकृत उत्तर नसलं की असंच होतं.

सातपुडा_भटक्या
तुम्हा सगळ्यांना वाटतंय की समिती नेमली की झालं. जरा बाहेर बघा. अमेरिकेत १९७५ ला सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती बसली. एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंगच्या मागे कसा ससेमिरा लावला, लोकांची पत्रं कशी फोडली, सगळं बाहेर काढलं. त्यानंतर सिनेटची कायमची समिती झाली, १९७८ ला पाळतीचे अर्ज तपासणारं खास कोर्ट झालं. पुढे? मार्च २०१३ मध्ये त्याच सिनेट समितीपुढे गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सरळ विचारलं, लाखो अमेरिकनांची माहिती गोळा करता का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेले सरकारी गुप्त कागद छापून आले आणि उत्तर खोटं निघालं. ते खास कोर्ट तर आलेले जवळजवळ सगळे अर्ज मंजूर करायचं.

आपल्याकडेही पेगॅससला (फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली होती, न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली. २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही हे समितीनेच नोंदवलं. शिक्का मारणारा निरीक्षकच व्यापाऱ्याच्या घरी जेवायला जात असेल तर, केळीबाग भाऊ? आपल्याकडे तेही बघितलंय ना आपण.

केळीबाग_यावल
बघितलंय की. माझ्या वडिलांनी एकदा जिनिंगवरून घरी आल्यावर दोन पोती घरच्या ताणकाट्यावर परत मोजली होती. साडेतीन किलोचा फरक निघाला. पण ते जाऊन भांडू शकले, कारण काट्याला नियम होता आणि जाऊन भांडायला एक ऑफिस होतं. निरीक्षक लाच खातो म्हणून निरीक्षकच नको, असं आपण कधी म्हणालो नाही. त्याची बदली मागितली.

क्लॅपरचं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत, मला ते बाजूचं वाटतं. त्यांना भर सभेत प्रश्न विचारणारा कोणीतरी होता, म्हणून खोटं पकडलं गेलं. आपल्याकडे तो प्रश्न कोणत्या खोलीत, कोण विचारणार? गृह खात्याची संसदेची स्थायी समिती अनुदानाच्या मागण्या, विधेयकं असलं बघते, रोजचं कामकाज नाही. रॉ तर कॅबिनेट सचिवालयात, तिथपर्यंत तीही पोचत नाही.

आणि हे काही आम्हा केळीवाल्यांचं खूळ नाही. उपराष्ट्रपती असताना हमीद अन्सारींनी जानेवारी २०१० मध्ये, तेही रॉच्याच काव स्मृती व्याख्यानात, संसदेची देखरेख हवी असं मांडलं होतं. पुढच्याच वर्षी मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं. कायदा काही झाला नाही.

फौजी_शिंदखेडा
दोन दिवस वाचत होतो, लिहायचं नाही असं ठरवलं होतं. निवृत्त_गोपनीय यांचं वाचून लिहितो.

कारगिलला मी द्रासच्या बाजूला होतो. वर किती बसलेत, कुठवर आलेत, हे सुरुवातीला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. घुसखोर आहेत, दहा-पंधरा असतील, असं ऐकून आमच्या मागेपुढची पोरं चढली. किती खाली आली ते लिहीत नाही.

नंतर के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली. गुप्तवार्तेत कुठे चुकलं, कोणी कोणाला सांगितलं नाही, हे त्यांनी लिहिलं. अहवाल २००० मध्ये संसदेत ठेवला, काही भाग गाळून. नावं फुटली नाहीत, देश बुडाला नाही. उलट त्यातूनच पुढे तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ झाली, तिन्ही सैन्यदलांची मिळून वेगळी गुप्तवार्ता संस्था झाली. हे मी स्वतः इतकी वर्षं अभिमानाने सांगतो आणि इथे उलटं बोलत होतो, हे काल बायकोने दाखवून दिलं.

२६/११ चंही तसंच. राज्याने प्रधान समिती नेमली, तिने मुंबई पोलिसांचं बघितलं. केंद्रातल्या संस्थांकडे बघायचा अधिकारच तिला नव्हता. म्हणजे अर्धाच पंचनामा.

तरी खासदारांबद्दलची माझी भीती कायम आहे. निवडायचेच तर दहा नकोत, चार घ्या, शपथ द्या आणि फोडलं तर आत टाका.

पांझराकाठचा_वकील
फौजी दादा, तुम्ही म्हणता तसंच इंग्लंडात आहे. १९९४ च्या कायद्याने त्यांनी संसदेतल्या नऊ जणांची समिती केली, तीत विरोधी पक्षाचेही असतात, सगळे गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले. आणि लक्षात घ्या, आयरिश बंडखोरांचे बॉम्ब तेव्हा लंडनमध्ये फुटत होते. शांततेत सुचलेली चैन नव्हती ती. शिवाय नागरिकाने तक्रार करायला वेगळं न्यायाधिकरण आहे. ऑस्ट्रेलियात १९८६ च्या कायद्याने नेमलेला महानिरीक्षक आहे, तो संस्थेच्या कचेरीत जाऊन फाईल उघडू शकतो. माझ्या मते आपल्या गरिबाला समितीपेक्षा हा महानिरीक्षक जास्त उपयोगाचा. खासदार वर्षातून चार वेळा बसणार. 'मास्तरचा' आणि 'नळ्या' यांतला फरक शोधायला रोज ऑफिसला येणारा माणूस लागतो.

निवृत्त_गोपनीय
आणि त्याने चूक आमच्यासारख्याकडे परत पाठवली पाहिजे. शिक्षा नंतर करा, आधी दाखवा तरी.

मोसमपूल
पण भरपाई कोण देणार? हा प्रश्न इथे सगळ्यांनी टाळला.

पांझराकाठचा_वकील
टाळला खरा. नंबींना मिळाली ती कोर्टाच्या घटनात्मक अधिकारात. आपल्याकडे अशा भरपाईचा सर्वसाधारण कायदा नाही. याच्यावर माझ्याकडे आज चांगलं उत्तर नाही.

@केळीबाग_यावल, ती फट सांगायची राहिली होती. कलम २४ च्या परंतुकाखाली मानवी हक्कभंगाच्या आरोपाबद्दलची माहिती मागता येते, माहिती आयोगाच्या मंजुरीने, ४५ दिवसांत. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्क म्हणजे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित हक्क. नोकरीतली समान संधी म्हणजे राज्यघटनेचं कलम १६, समतेचा हक्क. चुकीच्या माणसाच्या नोंदीवरून ती संधी गेली, असा मुद्दा बांधता येईल. मानतीलच असं नाही. पण नाकारायचं तर कारण देऊन नाकारावं लागेल, आणि 'कारण' हा शब्द तुम्हाला आजवर कोणी लिहून दिलेला नाही. अर्ज भावाच्याच नावाने आणि सहीने करा. दहा रुपयांचं शुल्क भरा. दोघांची जन्मतारीख, दोघांच्या आईचं नाव, शाळेचा दाखला जोडा.

केळीबाग_यावल
काल संध्याकाळी भावाला बसवलं. आधी नाहीच म्हणाला, आता काय उपयोग, वय गेलं. मग त्याचा मुलगा आठवीला आहे हे वहिनीने आठवून दिलं. उद्या त्याची पडताळणी करायला कोणी आलं की बापाचं नाव निघणारच. त्यावर उठला आणि आतून शाळेचा दाखला घेऊन आला.

दुसऱ्या घरी पण गेलो, म्हणजे 'नळ्या'कडे. त्यांच्या आईचं नाव आणि जन्मतारीख लागणार होती. त्यांना हे सगळं पहिल्यांदाच कळलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या पोराचा पासपोर्ट दोनदा परत आला तोही याच्यामुळेच असेल का रे? आता अर्ज दोन होताहेत.

वकील साहेब, एक शंका. अर्जात टोपणनावं लिहावीत का?

पांझराकाठचा_वकील
लिहा. 'ऊर्फ' म्हणून लिहा. पोच घ्या आणि पोचेची झेरॉक्स काढून मूळ प्रत पेटीत ठेवा.

अहिराणीनी_माय
नळ्या भाऊले सांगज्यात, आते सरकारना दफ्तरमा बी त्यान्हं नाव लागनं. पेढा वाटा म्हना.